लुईस हाइनचे फोटो साधे वाटतात, कारण आपण त्याखालचं वाचत नाही

तुम्ही विचारलंत की डॉक्युमेंटरी फोटोग्राफी शिकवणारा जो तो शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बालमजुरांचे फोटो काढणाऱ्या लुईस हाइनचं नाव घेतो, पण त्याचे फोटो काढून बघितले तर एक मूल समोर उभं, मधोमध, थेट कॅमेऱ्यात बघतंय, बास, यात शिकायचं काय, आणि त्याच्या फोटोंमुळे अमेरिकेतली बालमजुरी बंद झाली असं जे सांगतात ते कितपत खरं. मी हेच काम बरीच वर्षं करतोय, ऊसतोड कामगारांचे तळ, वीटभट्ट्या, मिठागरं, आणि जमेल तसं शिकवतोही, आणि हाइन हा माझ्या फार जिव्हाळ्याचा माणूस आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही अर्धंच काम बघितलंय. हाइनने फोटो काढला की त्याची नोंद लिहिली, आणि त्याच्या लेखी या दोन्ही मिळून एक वस्तू होती. नेटवर फिरता फिरता नोंद गळून पडली आणि फोटो तेवढा उरला, मग तो साधा वाटणारच. एक उदाहरण देतो. डिसेंबर १९०८, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं व्हिटनेल, तिथली सूतगिरणी. सुताच्या साच्यांपाशी एक मुलगी उभी आहे. नोंदीत लिहिलंय, उंची ५१ इंच, गिरणीत एक वर्ष झालं, कधी कधी रात्रपाळीही करते, ४ साइड (म्हणजे सूत कातायच्या साच्यांच्या चार बाजू) बघते, दिवसाला ४८ सेंट मिळतात. वय विचारलं तर अडखळली, म्हणाली 'आठवत नाही', आणि मग विश्वासात घेऊन सांगितलं की 'काम करण्याएवढी मी मोठी नाहीये, पण करते तरी'. आणि शेवटचं वाक्य असं की ५० कामगारांत तिच्याएवढी १० मुलं होती.

आता हे परत वाचा आणि त्यात विशेषणं शोधा. 'बिचारी' नाही, 'कोवळी' नाही, 'करुण' नाही. आहे ते सगळं मोजता येण्यासारखं, तपासता येण्यासारखं. वय खोटं सांगता येतं म्हणून उंची लिहिली. एकाच मुलीवरून गिरणी बदनाम करताय असं मालक म्हणेल म्हणून ५० तली १० लिहिली. मजुरी लिहिली कारण 'मुलं हौसेने आईला मदत करायला येतात' हे त्या काळी मालक लोकांचं ठरलेलं उत्तर होतं, आणि ज्याला रोजाने पैसे मिळतात तो कामगारच. सरकारी पंचनामा असतो ना, तशी ही नोंद आहे, आणि गंमत नाही सांगत, काही नोंदींखाली खरोखरच साक्षीदाराचं नाव आहे, बऱ्याच ठिकाणी 'साक्षीदार: सारा हाइन', म्हणजे त्याची बायको, जी सुरुवातीच्या कितीतरी दौऱ्यांत त्याच्यासोबत हिंडली. तिचं नाव फारसं कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

माणूस मुळात फोटोग्राफर नव्हताच. जन्म २६ सप्टेंबर १८७४, विस्कॉन्सिन राज्यातलं ऑशकॉश नावाचं गाव. १८९२ मध्ये वडील अपघातात गेले आणि शाळा संपवून लगेच पोरगं फर्निचरच्या कारखान्यात, दिवसाचे १३ तास, आठवड्याचे ६ दिवस, आणि आठवड्याला ४ डॉलर. मग मिळेल ती कामं करत करत थोडं कॉलेज, आणि फ्रँक मॅनी नावाचा शिक्षक भेटला. मॅनी १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलचा मुख्य झाला आणि हाइनला तिथे भूगोल आणि निसर्गाभ्यास शिकवायला घेऊन गेला. शाळेतल्या कार्यक्रमांचे फोटो कोणीतरी काढायला हवेत म्हणून मॅनीनेच त्याच्या हातात कॅमेरा दिला, तेव्हा हाइन तिशीला टेकलेला. पुढे त्याने शाळेतल्या मुलांना फोटोग्राफी शिकवली, त्यातला एक विद्यार्थी पॉल स्ट्रँड, जो नंतर स्वतःच केवढा मोठा फोटोग्राफर झाला. मला या माणसाचं शिक्षक असणं फार महत्त्वाचं वाटतं कारण त्याचे फोटो बघताना कायम जाणवतं की मुलांशी कसं बोलायचं हे त्याला येत होतं, मूल घाबरून उभं नाहीये, सांगायला उभं आहे.

१९०४ पासून तो एलिस आयलंडवर जायला लागला, न्यूयॉर्कचं ते बेट, जिथे युरोपातून आलेल्या बोटी उतरायच्या. १९०७ या एका वर्षात तिथे १० लाखांवर माणसं उतरली, म्हणजे गर्दीची कल्पना करा. आता टेक्निकल बाजू नीट समजून घ्या कारण त्याशिवाय 'साधी फ्रेम' का आहे ते कळणार नाही. ५ बाय ७ इंचांचा लाकडी कॅमेरा, ट्रायपॉडवर, आत काचेची प्लेट. फोकस करायचा तो मागच्या काचेवर उलट्या दिसणाऱ्या चित्रात. मग प्लेट घातली की काच झाकली जाते, आता तुम्हाला काहीच दिसत नाही, आणि समोरचा माणूस वीतभर हलला तर गेलं. उजेड नाही म्हणून मॅग्नेशियमची पूड, ती एका पत्र्याच्या पात्रात घालून पेटवायची, भक्कन जाळ, मोठा धूर, आणि लोक दचकून डोळे मिटतात. दुसरा चान्स नाही कारण हॉल धुराने भरलेला. आणि समोरच्या माणसाची भाषा तुम्हाला येत नाही, इटालियन, स्लाव्ह, रशियातले ज्यू, सगळं खुणांवर. अशा परिस्थितीत तुम्ही माणसाला थांबवता, उभं करता, तो तुमच्याकडे बघतो, आणि एकदाच फोटो होतो. तेव्हा मधोमध उभं राहून कॅमेऱ्यात बघणं हा त्या यंत्राचा भाग आहे, पण हाइनने त्याचा उपयोग करून घेतला. त्याच्या आधी जेकब रीसने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचे फोटो काढले होते, त्याचं पुस्तक १८९० मध्ये आलं, आणि त्याचंही मोल आहेच, पण रीस आणि त्याची माणसं रात्री खोलीत घुसून फ्लॅश उडवायची आणि ते फोटोंत दिसतं, माणसं भांबावलेली. हाइनच्या फोटोत समोरच्याला माहीत आहे की आपला फोटो निघतोय. माझ्या मते हा फरक तंत्राचा कमी आणि स्वभावाचा जास्त आहे.

१९०७ मध्ये पिट्सबर्ग सर्व्हे नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, पोलादाच्या शहरातले कामगार कसे जगतात याचा, त्यात हाइनने फोटो काढले. आणि १९०८ मध्ये शाळा सोडून तो पूर्णवेळ नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीचा झाला. ही संस्था १९०४ मध्ये निघालेली, खाजगी, आणि तिच्यापुढचा आकडा असा की १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वयाची साडेसतरा लाख मुलं कामावर होती. हा आकडा सगळ्यांना माहीत होता, छापून आलेला होता, तरी कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण साडेसतरा लाख मुलं काही डोळ्यांपुढे येत नाहीत. (आपल्याकडे तेव्हा काय होतं तेही सांगून ठेवतो, १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने ७ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, १८९१ मध्ये ती मर्यादा ९ झाली, म्हणजे हाइन कॅरोलायनात हिंडत होता तेव्हा मुंबईच्या गिरणीत ९ पूर्ण झालेलं मूल कायद्याने दिवसाला ७ तास कामावर ठेवता येत होतं.)

पुढची जवळजवळ दहा वर्षं हाइन हिंडला. गिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, मासळी डबाबंद करायचे कारखाने, बीट आणि कापसाची शेतं, रस्त्यावर पेपर विकणारी मुलं, रात्री निरोप पोचवणारी मुलं, न्यूयॉर्कच्या चाळींत घरी बसून कागदी फुलं करणारी कुटुंबं. आत सोडतंय कोण? मग तो कधी आग-सुरक्षेचा इन्स्पेक्टर व्हायचा, कधी पोस्टकार्डं विकणारा, कधी बायबल विकणारा, कधी 'तुमच्या मशीनचा फोटो काढायला आलोय' म्हणायचा, आणि मशीन किती मोठं आहे ते कळायला शेजारी एखादं मूल उभं करू या, असं म्हणून मुलाचा फोटो काढायचा. आपल्या कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती इंचांवर आहे हे त्याला पाठ होतं, त्यामुळे मूल जवळ उभं राहिलं की उंची कळली. आणि एक हात खिशात, खिशातल्या खिशात कागदावर पेन्सिलने नोंद. आत जाता आलं नाही तर पहाटे आणि संध्याकाळी पाळी सुटताना गेटबाहेर उभा. मग घरी जाऊन आईबापांना भेटायचं, वयाची खात्री करायला घरच्या बायबलमध्ये लिहिलेल्या जन्मतारखा आणि विम्याचे कागद बघायचे. मुकादमांच्या धमक्या होत्याच.

इथे विद्यार्थी नेहमी विचारतात की सर, हे खोटं बोलून आत शिरणं बरोबर का. मी यावर पुष्कळ विचार केलाय. माझं मत असं की तो गेटवरच्या माणसाशी खोटं बोलला, वाचकाशी एकदाही नाही, आणि म्हणूनच नोंदींबाबत तो इतका कडक होता, प्लेटवर रिटचिंग, म्हणजे हाताने फेरफार, नाही, काही नाही, कारण एक जरी फोटो खोटा निघाला तर बाकीचे हजारो फोटो मालकांनी फेटाळले असते. १९०९ मध्ये बफेलोला समाजसेवकांच्या परिषदेत त्याने भाषण केलं, त्यात त्याचं एक वाक्य आहे की फोटो खोटं बोलत नसेल, पण खोटारडे फोटो काढू शकतात. आज एआयच्या काळात सगळे हे वाक्य वापरतात, पण तो हे सांगून थांबला नाही, त्यावरचा उपाय त्याने रोजच्या कामात करून दाखवला.

काही फोटो तुम्ही नोंदीसकट बघाच. साउथ कॅरोलायनात लँकेस्टरला सेडी फायफर, उंची ४८ इंच, ३० नोव्हेंबर १९०८. यंत्रांची रांग इतकी लांब की मागे धूसर होत जाते, आणि त्या रांगेपुढे ही चार फुटांची मुलगी. मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे, म्हणजे लेन्सचं भोक मोठं ठेवल्यामुळे, मागचं धूसर झालंय आणि त्याचा परिणाम असा की रांग संपतच नाही असं वाटतं. फेब्रुवारी १९११, मिसिसिपीमधलं बिलॉक्सी, मॅन्युएल, वय ५, कोळंबी सोलणारा, हातात दोन डबे, मागे कालवांच्या शिंपल्यांचा डोंगर, आणि नोंद म्हणते की गेल्या वर्षीही कामाला होता, इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. जानेवारी १९११, पेनसिल्व्हेनियात साउथ पिट्स्टन, कोळसा फोडायच्या शेडमधली मुलं, वरून घसरत येणाऱ्या कोळशातून दगड वेचायचं काम, वाकून बसलेली. नोंदीत आहे की धूळ इतकी दाट की मधेच दिसेनासं व्हायचं, आणि मुलांच्या मागे कधी कधी एक माणूस उभा असतो तो ढोसून आणि लाथा घालून काम करून घेतो. हा एक फोटो मला त्याच्या सगळ्यांत अवघड वाटतो, धुळीत फ्लॅश उडवला की उजेड धुळीवरच आपटून परत येतो, मी वीटभट्टीवर आणि दगडाच्या क्रशरवर हा त्रास पुष्कळ काढलाय तोही डिजिटलवर, आणि हा माणूस काचेच्या प्लेटवर चेहरे आणतो.

आता दुसरा प्रश्न, फोटोंनी कायदा झाला का. प्रामाणिक उत्तर, फोटोंनी दार ढकललं, पण ते उघडायला ३० वर्षं लागली आणि ढकलणारे बरेच होते. संस्थेने हे फोटो पत्रकांत, मासिकांत, प्रदर्शनांच्या मोठ्या तक्त्यांवर, स्लाइड-व्याख्यानांत वापरले, गावोगाव. १९१२ मध्ये सरकारने मुलांच्या प्रश्नांसाठी चिल्ड्रन्स ब्यूरो काढला. १९१६ मध्ये केंद्राचा पहिला कायदा आला, १४ खालच्या मुलांनी काम केलेल्या कारखान्यांचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायला बंदी, आणि दोनच वर्षांत सुप्रीम कोर्टाने तो ५ विरुद्ध ४ ने रद्द केला. केस घातली होती नॉर्थ कॅरोलायनातल्याच एका गिरणी कामगाराने, आपल्या मुलांना काम करू द्या म्हणून. हे विसरू नका, बाप स्वतः गिरणीत आणि त्याला पोरांची मजुरी हवी होती, घर तेवढ्यावर चालत होतं. मग मुलं कामाला ठेवणाऱ्या कारखान्यांवर कर बसवणारा कायदा केला, तोही १९२२ मध्ये रद्द. १९२४ मध्ये घटनादुरुस्ती काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केली, पण पुरेशा राज्यांनी तिला मान्यताच दिली नाही. शेवटी १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट टिकला. तोवर मंदी आलेली, मोठ्या माणसांनाच कामं नाहीत म्हणून युनियनना मुलं कामावरून हटायला हवी होती, राज्याराज्यांत शाळा सक्तीची झालेली, आणि काचेच्या धंद्यात बाटल्या करणारं ओवेन्सचं मशीन आल्यावर भट्टीवरच्या पोरांची गरजच संपली. आणि या १९३८ च्या कायद्याने शेतीला बरीच मोकळीक ठेवली, ती आजही आहे, तिथे १२ वर्षांचं मूल पालकांच्या परवानगीने शाळेच्या वेळेबाहेर शेतावर मजुरी करू शकतं. तेव्हा 'एका माणसाच्या फोटोंनी बालमजुरी बंद केली' असं कृपया लिहू नका, त्याने हाइनचा मान वाढत नाही.

एक अडचणीची बाजू पण सांगायला हवी. गिरण्यांच्या फोटोंत काळी मुलं जवळपास दिसत नाहीत. एक कारण असं की दक्षिणेतल्या गिरण्यांत मशीनवर गोऱ्यांनाच ठेवायचे. पण संस्थेच्या काही पुढाऱ्यांचा प्रचारही असा होता की बघा, गोरी मुलं गिरणीत झिजतायत आणि काळी मुलं शाळेत जातायत, म्हणजे गोऱ्या लोकांच्या वंशाभिमानाला हात घालून कायदा मागायचा. शेतात राबणारी काळी मुलं हाइनच्या फोटोंत येतात, पण संस्थेचा भर तिकडे नव्हता. फोटोग्राफर ज्याच्यासाठी काम करतो त्याची दिशा फोटोंना लागतेच, एनजीओसाठी काम करणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे लागू आहे आणि हे मनाला टोचत राहायला हवं.

पुढचं आयुष्य. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, रेड क्रॉसबरोबर युरोपात गेला, फ्रान्स आणि बाल्कन, निर्वासितांचे फोटो. परत आल्यावर त्याने दिशा बदलली. त्याचं म्हणणं असं होतं की मला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या, ज्या सुधारायला हव्यात त्या, आणि ज्यांचं कौतुक व्हायला हवं त्या. तर विसाच्या दशकात त्याने कामगाराचं काम दाखवलं, १९२० चा पाना घेऊन यंत्रावर वाकलेला वीजघरातला मेकॅनिक तुम्ही बघितला असेल, तो फोटो उघडउघड पोज देऊन काढलेला आहे. आणि १९३०-३१ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगचं बांधकाम. वय ५६, आणि हा माणूस कामगारांबरोबर एकेक मजला वर चढत गेला, शेवटी तर क्रेनला टांगलेल्या पेटीत बसून, खाली सरळ रस्ता. त्यातून १९३२ मध्ये मुलांसाठी त्याचं फोटोंचं पुस्तक निघालं. इथेच एक गैरसमज दूर करतो, तुळईवर ओळीने बसून डबा खाणारे ११ कामगार, तो जगप्रसिद्ध फोटो, तो हाइनचा नाही. तो सप्टेंबर १९३२ चा, रॉकफेलर सेंटरच्या इमारतीवरचा. हाइनच्या नावावर तो इतक्या ठिकाणी खपवलाय की आता लोक भांडतात माझ्याशी. आणि बघा, नोंद नसली की काय होतं त्याचं हे उदाहरण आहे, एवढा गाजलेला फोटो आणि काढला कोणी यावर आजही वाद.

१९३० च्या दशकात सरकारने फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा फोटोंचा मोठा प्रकल्प काढला, डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स वगैरे त्यातलेच, आणि ज्याने ही वाट पाडली त्या हाइनने तिथे काम मिळावं म्हणून प्रकल्पाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर याला पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली, पण स्ट्रायकरने घेतलं नाही, म्हातारा झालाय, जमवून घ्यायला अवघड आहे असं त्याचं मत. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं. इतर सरकारी कामं थोडीफार मिळाली, पण निगेटिव्ह आपल्याकडे राहाव्यात, प्रिंट आपण करावी हा हाइनचा आग्रह असायचा आणि तो ऑफिसांना नको होता. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये त्याच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन झालं, फोटोग्राफर बेरेनिस अ‍ॅबट आणि कलासमीक्षक एलिझाबेथ मॅकॉसलंड या दोघींनी मनावर घेतलं म्हणून. पण पैसा नाहीच आला. त्याच वर्षाच्या शेवटी सारा गेली. घर कर्जापायी गेलं, सरकारी मदतीवर दिवस काढले, आणि ३ नोव्हेंबर १९४० ला ऑपरेशननंतर हाइन गेला. त्याचे फोटो न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमला देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत. फोटो लीग या संघटनेने सांभाळले, आणि कम्युनिस्ट म्हणून शिक्का बसून लीग १९५१ मध्ये बंद पडली, तेव्हा ते रॉचेस्टरच्या ईस्टमन हाउस या फोटोग्राफीच्या म्युझियमकडे गेले. बालमजुरीचे फोटो संस्थेकडे होते ते १९५४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मिळाले, ५१०० च्या वर प्रिंट आणि ३५५ काचेच्या निगेटिव्ह, नोंदींसकट. नोंदींसकट मिळाले म्हणून आज आपण हे सगळं बोलू शकतोय.

प्रिंटचा विषय निघालाय तर हेही सांगतो, नव्वदच्या दशकात बाजारात हाइनच्या सह्यांच्या जुन्या प्रिंट भरपूर यायला लागल्या आणि संग्राहकांना शंका आली. कागद तपासला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर निघाले, म्हणजे कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकतं. फोटोच्या कागदात ते पन्नासच्या दशकापासून घालायला लागले. हाइन १९४० मध्ये गेला, त्या कागदावर त्याने प्रिंट केलीच कशी असणार! प्रकरण पैसे परत देऊन मिटलं, पण तेव्हापासून जुन्या प्रिंटचा कागद तपासणं हे एक शास्त्रच झालं. ज्या माणसाने आयुष्यभर खऱ्या-खोट्याची एवढी काळजी केली त्याच्याच नावावर हे व्हावं याचा मला अजून राग येतो.

आणि वारसा म्हणाल तर मला सगळ्यांत मोठा वाटतो तो वेगळाच. व्हरमाँट राज्यात नॉर्थ पाउनलच्या गिरणीत ऑगस्ट १९१० मध्ये त्याने अ‍ॅडी कार्ड नावाच्या मुलीचा फोटो काढला, मळका एप्रन, अनवाणी, साच्यावर एक हात टेकलेला. नोंदीत दोन्ही बाजू आहेत, गिरणीतल्या मुली म्हणतात ती १० ची आहे, तिने स्वतः मला १२ सांगितलं, शाळेच्या सुट्टीत कामाला लागली आणि आता इथेच राहणार. १९९८ मध्ये हा फोटो अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आला. ती कोण, पुढे काय झालं, कोणालाच माहीत नव्हतं, आडनाव बरीच वर्षं लेअर्ड असं चुकीचं चालत आलेलं. मग एका लेखिकेने आणि मॅसॅच्युसेट्समधल्या जो मॅनिंग नावाच्या हौशी इतिहास-संशोधकाने जनगणनेचे कागद उपसून तिला शोधलं. ती १९९३ पर्यंत जगली होती, नव्वदी पार करून, आणि आपण तिकिटावर येणार आहोत हे तिला कधी कळलंच नाही. आणि वय? ती तेव्हा खरंच १२ ची होती. मॅनिंगने मग हाच नाद धरला, पुढची कित्येक वर्षं हाइनच्या शेकडो मुलांचा शोध घेतला, त्यांच्या नातवंडांना फोन केले, आणि बहुतेकांनी आपल्या आजीचा किंवा आजोबांचा तो फोटो आयुष्यात पहिल्यांदा बघितला. हे शक्य का झालं, तर शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने नाव, गाव, गिरणी आणि तारीख लिहून ठेवली होती. मधोमध उभं केलेलं, कॅमेऱ्यात बघणारं ते मूल शंभर वर्षांनी कोणाच्यातरी घरी पोचलं.

आता तुम्ही म्हणाल की आम्हीही असंच करतो, पण इथे थांबा. हाइनची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी वापरता येणार नाही, कायद्यानेच. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कामगार कायदे मोडून कामावर ठेवलेलं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' धरलं जातं, आणि त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे योग्यच आहे, तेव्हा फोटो संस्थेच्या पत्रकात जायचा, आज तो दोन मिनिटांत त्या मुलाच्या गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर जाईल आणि मुकादमाच्याही. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना दोन नोंदी ठेवायला सांगतो. एक बाहेर जाणारी, तिच्यात काम काय, किती तास, मजुरी किती, उचल किती घेतलीय, किती जणांत किती मुलं, जिल्हा आणि महिना, आणि फोटोत चेहरा नाही, हात, अवजार, उंचीचा अंदाज येईल अशी शेजारची वस्तू, उसाची मोळी, विटांची थप्पी. दुसरी आपल्याकडची, कुलपातली, तिच्यात पूर्ण तपशील, कोणी सांगितलं, कोण बरोबर होतं, कुठला कागद बघितला. मूल संकटात दिसलं तर आधी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन, फोटो नंतर.

आणि हाइन बघायचा असेल तर पिंटरेस्टवर बघू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी कलेक्शन शोधा, सगळं फुकट आहे, मोठ्या साइझमध्ये उतरवता येतं. एक राज्य घ्या, एक महिना घ्या, आणि त्या महिन्यातले फोटो क्रमाने बघा, गाजलेले सोडून द्या. मग दिसेल की त्याच गिरणीच्या गेटवर तो सकाळी होता, संध्याकाळी होता, दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या घराच्या पायरीवर होता. फोटोच्या आधी नोंद वाचा, मग फोटो बघा, मग परत नोंद. दहा-पंधरा झाले की तुम्हाला त्याची उंचीच्या, मजुरीच्या, 'इतक्यांत इतके' अशा मोजणीची सवय लागेल, आणि मग पुढच्या वेळी फील्डवर जाल तेव्हा बॅगेत वही आपोआप जाईल.